भांडण तिथंच ठेवा

"थांबा. फोन आलाय. भांडण तिथंच ठेवा."

उजव्या हाताचं बोट वर करून ते एवढं सांगायचे आणि मी तोंड उघडं टाकून भिंतीच्या अलीकडे उभी. त्यांच्या हातात फोन नसायचा. तो घरात, जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला. वाजायचा मात्र थेट त्यांच्या कानात. क्षणापूर्वी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा हा माणूस मग हात पाठीमागे बांधून अंगणात फेऱ्या घालू लागायचा आणि अगदी मऊ आवाजात हवेला सांगायचा, "हो रे बाळा. चहा झाला. हो, गोळी घेतली. बाई येऊन गेली."

बोलणं संपलं की पुन्हा भिंतीपाशी हजर. "हां, सूनबाई. कुठे होतो आपण?"

कुठे होतो ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं आठवत असायचं.

आधीच सांगून टाकते, मला तो माणूस आवडत नसे. अशा आठवणी लिहिणारे लोक सुरुवातीला चिडतात आणि शेवटाकडे विरघळतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माणूस गेला की त्याच्याबद्दल बरं बोलावं म्हणतात, पण हे गेलेले नाहीत. त्यांना नेलेलं आहे, आणि त्याचा राग मला वेगळाच आहे.

झाशीत सीपरी बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची दोन घरं एकमेकांना चिकटून. मध्ये छातीइतकी एक भिंत. गल्लीत मराठी घरं तेवढीच दोन, बाकी सगळा हिंदी कारभार. लांबून कुणाला वाटेल, दोन मराठी घरं शेजारी, म्हणजे वाटीतून भाज्या इकडून तिकडे जात असतील. तसं काही नव्हतं. मराठी येत असल्यामुळे भांडण तेवढं मनासारखं करता यायचं. हिंदीत मला चिडता येतं, पण टोचून बोलता येत नाही.

त्यांचे पूर्वज फौजेबरोबर आले, आमच्या सासरचे पूजेअर्चेला. हे सगळं कधीचं, पेशव्यांच्या वेळचं, पण त्यांच्यासाठी परवाचं. "आम्ही तलवारी घेऊन आलो, सूनबाई. तुमच्याकडचे पळी-पंचपात्र घेऊन मागून आले. आम्ही लढलो म्हणून तुम्ही जेवलात." मी म्हणायची, "आणि आम्ही तुमचं श्राद्ध घातलं म्हणून तुमचे पूर्वज जेवले." यावर ते खूश व्हायचे. चेहरा मात्र अजिबात हलायचा नाही.

मी त्यांची सून नव्हे. सागरहून लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी वाकून नमस्कार करायला लावला, तेव्हापासून त्यांनी मला सूनबाई करून टाकलं. मी त्यांना काका म्हणायची. शिव्या देतानासुद्धा या दोन शब्दांत बदल झाला नाही.

बिजौलीला एका पत्र्याच्या कारखान्यात त्यांनी जन्म काढला. फोरमन होते. पत्रा ठोकणाऱ्या मशीनशेजारी उभं राहून हुकूम सोडायचे, त्यामुळे आवाज मोठा झाला आणि कान गेले. काकू होत्या तोवर त्या खुणांनी सगळं सांगायच्या. काकू गेल्या, मुलगा नोएडाला, आणि घरात राहिले हे आणि पाण्याची मोटर.

ही मोटर म्हणजे आमच्या वैराचं मूळ. सकाळी नळाला पाणी आलं की ते मोटर लावायचे आणि पेपर वाचत बसायचे. गच्चीवरची टाकी भरायची, वाहायची, आणि पाण्याची धार बरोबर माझ्या अंगणात पडायची. जिथे ऊन चांगलं येतं तिथेच, म्हणजे जिथे मी मुगाच्या वड्या घालते तिथेच. टाकी भरल्याचा आवाज अख्ख्या गल्लीला जायचा. त्यांना जायचा नाही. मग मी भिंतीशी जाऊन ओरडायची, "काका, मोटर!" मग ताट वाजवायची. मग आमच्या ह्यांना त्यांच्या दारात पाठवायची. आमचे हे गरीब गाय. ते दार वाजवायचे तेसुद्धा दाराला लागू नये अशा बेतानं.

त्या काळात त्यांच्याकडे ऐकू येण्याचं जुनं मशीन होतं, कानामागे अडकवायचं, पिवळं पडलेलं. ते लावून फोन कानाशी नेला की अशी शिट्टी वाजायची की धोब्याचं गाढव थबकायचं. फोन कानावर नाही, कानाच्या वर, मशीनच्या तोंडाशी धरायचा असतो, हे त्यांना दुकानातल्या मॅडमनं सांगितलं होतं. पण तसा धरला की यांचं बोलणं फोनपर्यंत पोचायचं नाही. शेवटी ते मशीन काढून ठेवायचे आणि फोन स्पीकरवर टाकून अंगणात बसायचे. त्यांच्या मुलाचं बढतीचं प्रकरण, सुनेचं तिच्या आईशी काय बिनसलं, नातवाला गणितात किती पडले, सगळं गल्लीला तोंडपाठ होतं. भाजीवाला तर मला विचारायचा, "बाईजी, लल्ला को परमोसन हो गओ के नईं?"

पण फोन वाजतोय हेच बऱ्याचदा कळायचं नाही. मग मुलगा मला फोन करायचा. "आंटी, जरा देख लीजिए ना. पापा उठा नहीं रहे." मुलाला मराठी कळतं, बोलायला मात्र हिंदी बरी वाटते. आणि मी, ऑफिसला उशीर होत असताना, डब्याचं झाकण हातात घेऊन त्यांचं दार बडवत उभी. माझी विमा कंपनीतली नोकरी. दिवसभर लोकांशी गोड बोलायचं असतं, त्याआधी हे एक. त्यांनी दार उघडलं की म्हणायचे, "काय आहे? आग लागली?" उपकाराचं एक अक्षर नाही.

एकदा दार उघडलंच नाही. मुलगा तिकडून रडवेला. गल्लीतल्या चार बाप्यांनी खांदा लावून कडी तोडली. आत हे, अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण, हातात वस्तरा. "डाका पडला आहे का?" म्हणून त्यांनी अख्ख्या गल्लीला फैलावर घेतलं. कडीचे पैसे शेवटपर्यंत माझ्याकडे मागत होते.

त्या दिवशी मुलानं जाहीर केलं, आता बस, नोएडाला चला. हे चला म्हटल्यावर चालणाऱ्यांतले नव्हते. बरीच ओढाताण होऊन तह ठरला. मुलगा नवं मशीन घेऊन देईल, दोन्ही कानांना, फोनशी जोडलेलं. रोज सकाळी ऑफिसला जाताना गाडीतून तो फोन करील. पापांनी तो उचलायचा आणि नीट, धड, प्रश्नाला प्रश्नाचं उत्तर देऊन बोलायचं. ज्या दिवसापासून हे जमेनासं होईल त्या दिवशी घराला कुलूप. हे मला त्या मुलानंच सांगितलं आणि वर म्हणाला, "आंटी, आप भी ध्यान रखिएगा." जसं काही मी पगारावर आहे.

तर असं ते मशीन आलं. आणि त्याबरोबर ते बोट.

पहिल्यांदा ते बोट वर झालं आणि मग माझ्याकडे बघत "हो रे बाळा" म्हणाले तेव्हा मला वाटलं, म्हातारा कामातून गेला. दुसऱ्यांदा वाटलं, माझी टिंगल चालली आहे. मग एकेक लक्षात येत गेलं. त्यांना मुलाखेरीज कुणाचा फोन येत नसे. बिजौलीचे सोबती एक तर वारले होते, नाही तर त्यांच्याइतकेच बहिरे होते. तरीही भांडणात हरायला आले की बोट वर व्हायचंच. एका सकाळी मी म्हटलं, "काका, दाखवा बरं फोन."

"मी खोटं बोलतो?"

"बोलता."

ते तरातरा आत गेले, फोन घेऊन आले आणि भिंतीवरून माझ्या नाकासमोर धरला. पडदा उजळलेला, वर मुलाचं नाव, खाली सेकंद पळतायत. त्या दिवशीचा फोन खरा होता. त्यामुळे आधीचे सगळे खरे ठरत नाहीत, असं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी ते ऐकलं नाही, कारण कानात मुलगा होता.

लक्ष्मी तालाच्या काठच्या महालक्ष्मीला आम्ही दोघंही शुक्रवारी जातो, अर्थात वेगवेगळे. तिथे मी पाहिलंय, पायरीवर बसून ते दोन्ही मशीनं काढायचे, रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचे आणि मग आत जायचे. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाले, "घंटेचा त्रास होतो. आणि देवीनं माझं ऐकायचं असतं, मी तिचं नाही." पुढे लगेच, "तुमच्या वड्यांसाठी ऊन मागायला आलात वाटतं?" म्हणजे देवळाच्या पायरीवरसुद्धा माणसाला चैन नाही.

आता टीव्हीचा प्रसंग सांगते. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

त्या दिवशी ताज्या वड्यांवर धार पडली होती. मी भिंतीशी गेले आणि सुरू झाले. बोट वर झालं. "थांबा. फोन आलाय." मी थांबले नाही. त्या मशीनची एक खोड मला तोवर माहीत नव्हती. फोन चालू असला की ते त्यांच्यापुरता आजूबाजूचा सगळा आवाज दाबून टाकायचं, पण त्यांच्या कानाशी जे पडेल ते पलीकडे पोचवत राहायचं. म्हणजे मी काय बोलत होते ते समोर उभ्या असलेल्या त्यांना कळत नव्हतं, आणि नोएडाच्या रस्त्यावर गाडीत बसलेल्या त्यांच्या मुलाला स्वच्छ ऐकू जात होतं. त्यानं विचारलं असणार, हे कोण ओरडतंय. कारण काका अगदी सहज म्हणाले, "कुणी नाही रे. टीव्ही चालू आहे."

मी टीव्ही! एवढी वर्षं त्यांच्या दाराच्या कड्या वाजवल्या, काकूंच्या आजारपणात खिचड्या पोचवल्या, आणि मी कुणी नाही. मी आत आले, पदर खोचला आणि आमच्या ह्यांना सांगितलं, "आजपासून त्या माणसाशी एक शब्द बोलणार नाही." हे म्हणाले, "उत्तम," आणि पेपर उघडला.

मी खरंच गप्प बसले. पाणी पडलं, पडू दिलं. वड्या घरात पंख्याखाली घातल्या. ते भिंतीशी येऊन उभे राहायचे, मी पाठ करून धुणं वाळत घालायची. मोटर आणखी वेळ चालू राहू लागली. अंगणाचं तळं व्हायची वेळ आली तरी मी हूं की चूं केलं नाही. गल्लीलाच करमेना. भाजीवाला तराजू हातात धरून विचारायचा, "काय बाईजी, आज लराई नईं भई?"

आणि मग एक गोष्ट मला भिंतीपलीकडून ऐकू येऊ लागली. त्यांचं फोनवरचं बोलणं बिघडलं होतं. "काय? पुन्हा सांग. काय म्हणालास? हो हो. नाही, काय?" आवाज पूर्वीसारखा चढू लागला होता. दर दिवशी 'काय' वाढत होते. मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग एका सकाळी ते फाटकातून आले. भिंतीशी नाही, फाटकातून, चपला बाहेर काढून.

"सूनबाई, तब्येत ठीक आहे ना?"

मी कणीक मळत राहिले.

"नाही, बरेच दिवस आवाज नाही तुमचा. मतलब, सागरकडे कुणी गेलं-बिलं का?"

हे मात्र फार झालं. "गेलं-बिलं? माझ्या माहेरच्यांना मारायला निघालात सकाळी सकाळी? इकडे पाण्यानं घर बुडवलंत, वड्या सडवल्यात, आणि वर माझ्या भावांच्या मरणाची चौकशी करता? लाज कशी वाटत नाही, काका? चार माणसांत..."

मी बोलत होते आणि ते डोळे मिटून उभे होते. एक बोट कानामागे. ते बोट हलकेच काहीतरी दाबत होतं, सोडत होतं, पुन्हा दाबत होतं.

"बोला, बोला," ते म्हणाले. "थांबू नका. वरचा सूर फाटतोय, खालचा ठीक आहे. 'चार माणसांत'च्या पुढे?"

माझ्या हातातून कणकेचा गोळा पडायचा राहिला. मग त्यांनी सांगितलं, नेहमीच्याच उर्मट आवाजात. मशीनच्या दुकानातल्या मॅडमनं त्यांना ताकीद दिली होती की, फोन येण्याआधी रोज एखाद्या ओळखीच्या माणसाचं बोलणं सलग ऐकत जा, त्यावर बटण कुठे ठेवायचं ते ठरवा, कानाला सवय होऊ द्या, म्हणजे फोनवरचं समजेल.

"टीव्ही लावून पाहिला. त्यात सगळे एकदम बोलतात. देवळातल्या गुरुजींचं ऐकलं, ते नाकात बोलतात. सलग, स्पष्ट, श्वास न घेता बोलणारं माझ्या ओळखीत एकच माणूस आहे."

"म्हणजे तुम्ही मोटर मुद्दाम..."

"पूर्वी खरंच ऐकू येत नव्हती," ते म्हणाले. "नवं मशीन आल्यावर यायला लागली."

मला काय काय वाटलं ते सांगत नाही. मुख्य म्हणजे संताप. नव्या मशीननं या माणसाला टाकी वाहताना ऐकू येत होती आणि हा पेपर वाचत माझ्या ओरडण्याची वाट पाहत बसत होता. माझ्या भांडणाचा यानं रियाज केला होता. सुनावायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "पोरानं काल सांगितलंय. आणखी आठवडाभर असंच 'काय, काय' चाललं तर तो न्यायला येणार. तुम्ही पाहिलं नाहीये त्यांचं घर. इतक्या वर राहतात. गॅलरीला जाळी. शेजारी कोण आहे ते त्यांना माहीत नाही. भांडायला एक भिंत नाही तिथे."

चपला घालताना वळून म्हणाले, "मेहेरबानी मागायला आलो नाहीये. मोटर उद्याही लावणार आहे."

दुसऱ्या दिवशी टाकी वाहिली आणि मी ओरडले. दया आली म्हणून नव्हे, पाणी खरंच पडत होतं. एवढंच की वाक्यं जरा सावकाश म्हणू लागले, आणि प्रत्येक शब्द सुटा. ते डोळे मिटून बटण दाबायचे. कधी म्हणायचे, "आज घाई केलीत." कधी, "कालचं ते श्राद्धाचं पुन्हा म्हणा, त्यात सगळे अवघड आवाज आहेत." आणि मग बोट वर. "थांबा. फोन आलाय. भांडण तिथंच ठेवा." मी ठेवायची. भिंतीपलीकडून ऐकायची. "हो रे बाळा. चहा झाला. पोराचा पेपर कसा गेला?" एकही 'काय' नाही. ते फेरी घालून परत यायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पेपर सोडवून आलेल्या पोराचा भाव असायचा.   पुन्हा मोटर, पुन्हा तलवारी, पुन्हा पळी-पंचपात्र.

किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. मला वाटतं, बरेच.

त्या सकाळी ते भिंतीशी नव्हते. कचऱ्याची बादली ठेवायला फाटकाबाहेर गल्लीत आले होते आणि तिथूनच माझ्याशी भांडत होते. मी माझ्या अंगणात भिंतीला टेकून. बोट वर झालं, नेहमीचं सांगणं झालं, आणि हात पाठीमागे बांधून त्यांनी फेरी सुरू केली. फक्त अंगणात नाही, गल्लीत. कोपऱ्यावरच्या गोदामात सिमेंट उतरवून एक लोडर, म्हणजे मालाचा टेम्पो, पाठमोरा मागे येत होता.

मी ओरडले. "काका! गाडी! बाजूला व्हा!" माझा आवाज तुम्हाला आता माहीत झाला आहे. भाजीवाला हातगाडी सोडून धावला, आमचे हे पेपर टाकून बाहेर आले, समोरच्या गच्चीवरून बाई डोकावली. ज्याच्यासाठी मी रोज वाक्यन्‌वाक्य सुटं करून बोलत होते, तो एकटा माणूस पाठ करून चालत राहिला. "हो रे. चहा झाला. हो, गोळी..."

लोडरवाल्यानं करकचून ब्रेक मारला, म्हणून उजव्या हातावर निभावलं. ते खाली पडले, एक मशीन कानातून उडून नालीशी गेलं. दुसरं कानात होतं आणि त्यात मुलगा होता. मी पोचले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, हात कोपरापाशी भलतीकडेच वळला होता, आणि ते अगदी मऊ आवाजात सांगत होते, "काही नाही रे बाळा. टीव्हीचा आवाज आहे."

संध्याकाळच्या आत मुलगा झाशीत. काकांच्या हाताला प्लास्टर झालं होतं. तो माझ्या दारात आला. वाईट मुलगा नाही तो, डोळे लाल झाले होते. तरी मला त्याचा राग आला.

"आंटी, आपकी आवाज मुझे वहाँ गाडी में सुनाई दी," तो म्हणाला. "सबसे पहले आपकी ही आवाज आई. मैं समझ गया कुछ होनेवाला है. और पापा चार कदम पर थे, उन्हें नहीं सुनाई दी. अब आप ही बताइए, अकेला कैसे छोड दूँ?"

"तुम्हारा फोन था उनके कान में," मी म्हटलं. "वो न होता तो मेरी सुन लेते. मेरी तो वो रोज सुनते थे."

त्यानं मान डोलावली. पण त्याला जे करायचं होतं ते त्यानं ठरवलेलं होतं, आणि माझ्याच आवाजाचा त्याला पुरावा मिळाला होता. रोज सकाळी ज्या आवाजावर त्यांनी ते घर राखलं, त्याच आवाजानं शेवटी ते सोडायला लावलं. यात माझी चूक नाही, त्यांची नाही, त्या मुलाचीही असेल असं वाटत नाही. मग राग कुणावर काढायचा, सांगा.

न्यायच्या दिवशी गाडी फाटकापाशी उभी होती. ते पुढच्या सीटवर, हात गळ्यात, नालीतलं मशीन धुऊन-पुसून पुन्हा कानात. मुलगा घराला कुलूप लावत होता. ते जुनं कुलूप बसायला त्रास देतं, दोन्ही हातांनी दाबावं लागतं. फोन गाडीत समोर, काचेपाशी उभा करून ठेवलेला.

घरातून निघताना मी ठरवलं होतं, नीट निरोप घ्यायचा. नमस्कार करायचा, तब्येतीला जपा म्हणायचं. खिडकीपाशी गेले आणि तोंडातून निघालं, "काका, मोटर बंद केलीत ना? नाही तर तुम्ही तिकडे बसाल आरामात, आणि इकडे माझ्या वड्या..."

त्यांचा डावा हात कानामागे गेला. डोळे मिटले.

मी बोलत राहिले. सावकाश, शब्द सुटा सुटा करून. तलवारींवर आले. श्राद्धावर आले. त्यात सगळे अवघड आवाज आहेत.

"सूनबाई, तुमच्याकडच्या वड्या तशाही..." ते म्हणाले आणि पुढचं त्यांना आलं नाही.  मी त्यांना भांडणात अडकलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी बोट वर केलं, डाव्या हाताचं.

"थांबा. फोन आलाय. भांडण तिथंच ठेवा."

समोर काचेपाशी फोन उभा होता. त्याचा पडदा काळा होता. मुलगा अजून कुलपाशी झटत होता, पाठ आमच्याकडे.

ते समोर बघत म्हणाले, "हो रे बाळा. चहा झाला. हो. हो, गोळी घेतली."

"दाखवा बरं फोन" असं मी म्हटलं नाही. मुलगा आला, गाडी सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी वळली, तोवर ते बोलतच होते.

आता टाकी वाहत नाही. भिंतीवरची ओल वाळली, पोपडे आले होते ते आमच्या ह्यांनी खरवडून काढले. वड्या कडक वाळतात. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा मी अंगणात असते आणि वेळ उरतो. मी विरघळलेले नाही, सुरुवातीलाच सांगितलं होतं. तो माणूस मला आवडत नसे आणि माझ्या वड्यांबद्दलच्या त्याच्या मताचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. त्यांनी सांगितलं तसं भांडण मी तिथंच ठेवलं आहे.